तेल्या, बाग आणि वनस्पतींतली औषधे

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा आणि उजनीचा फुगवटा, दक्षिणेला नीरा आणि १८८५ पासून वाहणारा नीरा डावा कालवा. या दोन पाण्यांच्या मधला माळ मात्र कायम पावसावर हवाला ठेवून राहिला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरातला, परतीचा. जमीन हलकी, थोडे खणले की मुरूम. वरकुटे बुद्रुक, वरकुटे खुर्द आणि बारामतीकडच्या जिराईत गावांना डाळिंब मानवले ते अशा जमिनीमुळेच. पाण्यात पाय बुडवून बसणाऱ्या मातीत डाळिंब टिकत नाही. निचऱ्याच्या मुरमात, थोडक्या पाण्यावर आणि ताण दिल्यावर ते फुलते. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, मग ठिबक आले, आणि ज्या माळावर हुलगा-मटकीपलीकडे काही घेता येत नव्हते तिथे बागा उभ्या राहिल्या. कित्येक घरांच्या स्लॅबचा पैसा आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च या झाडाने दिला आहे.

त्याच झाडावर तेल्या आला. महाराष्ट्रात त्याचा मोठा तडाखा २००२-०३ च्या सुमारास बसला. रोग मात्र त्याहून बराच जुना आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. पन्नास वर्षे तो कागदावर होता म्हटले तरी चालेल. मग आपण एकाच जातीच्या, गुटी कलमांनी वाढवलेल्या बागा जिल्ह्यांमागून जिल्ह्यांत लावल्या, आणि रोगट कलमांबरोबर तो सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत पोचला. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबातून निवडलेला ‘गणेश’ असो की आजचा ‘भगवा’, तेल्यापुढे दोन्ही सारखेच हतबल. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. या रोगावरचे सगळ्यात सलग काम तिथे झाले आहे.

वनस्पतींतल्या नैसर्गिक द्रव्यांनी पिकांवरचे जिवाणूजन्य रोग आटोक्यात येतील का, हा या पुस्तिकेचा विषय. रोग पुष्कळ आहेत. लिंबावरचा खैऱ्या, कोबीचा घाण्या, कपाशीवरचे कोनीय ठिपके, टोमॅटोची जिवाणूजन्य मर, भातावरचा कडा करपा, हे सगळे जिवाणूंचेच. पुढच्या पानांत त्यांचाही विचार आहे. प्रस्तावनेपुरते मी तेल्याला धरून बोलणार आहे, कारण आमच्या भागात ‘काही झाडपाल्याचे औषध आहे का हो?’ असा प्रश्न कोणी विचारतो तेव्हा त्याच्या मनात तेल्याच असतो. विचारणाऱ्याचे त्यात पैसे अडकलेले असतात आणि बहुतेक वेळा कर्जही. म्हणून उत्तर नेमके द्यावे लागते.

आधी शत्रू जवळून पाहू. डाग पडलेले पान उन्हाकडे धरले की डागाच्या जागी उजेड आरपार येतो, कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा. नाव त्यावरूनच पडले. डागाची कड ब्लेडने कापून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर मिनिटाभरात कापलेल्या बाजूने धुरकट प्रवाह वाहू लागतो. ते लाखो जिवाणू आहेत. बुरशीच्या डागातून असा प्रवाह येत नाही, त्यामुळे ही ओळख खात्रीची आणि सोपी. झँथोमोनास हे त्यांचे कुळ, प्युनिसी हा डाळिंबावर जगणारा प्रकार. आगर माध्यमावर वाढवले की पिवळ्या, चकचकीत, बुळबुळीत वसाहती दिसतात.

तो बुळबुळीतपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे जिवाणू स्वतःभोवती भेंडीच्या तारेसारखा चिकट द्रव सोडतात. याच कुळातल्या कोबीवरच्या भाईबंदापासून कारखान्यात झँथन गम बनवतात आणि तो सॉस-आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात. बागेत हाच चिकटा त्यांना कोरडेपणापासून वाचवतो आणि फवारलेल्या औषधालाही अडवतो. पानाच्या पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून ते आत शिरतात आणि पेशींच्या मधल्या फटींत राहतात. तीस अंशांच्या आसपास तापमान, ढगाळ हवा, पानावर टिकलेला ओलावा, असे दिवस आले की डाग वाढू लागतात. पावसाच्या थेंबांबरोबर ते उडतात आणि छाटणीच्या कात्रीबरोबर झाडावरून झाडावर जातात. फांदीच्या पेरावर डाग पडला की फांदी तिथेच मोडते. फळावरचा डाग काळा पडतो आणि इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखा तडकतो. आतले दाणे कितीही लाल असोत, तडकलेल्या फळाचे कॅरेट व्यापारी उचलत नाही.

आजवर आपण याला दोन गोष्टींनी तोंड दिले. एक तांबे: बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये लोकांपुढे मांडले, म्हणजे नीरेच्या डाव्या कालव्याइतके ते जुने. अजूनही छाटणीनंतरची पहिली फवारणी त्याचीच. तांबे पानाच्या पृष्ठभागावर पहारा देते. आत शिरलेल्या जिवाणूला ते गाठत नाही. दुसरी गोष्ट स्ट्रेप्टोसायक्लिन, म्हणजे नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांची औषधे. स्ट्रेप्टोमायसिन हाती आले १९४३ मध्ये, आणि क्षयरोगावर परिणाम करणारे ते पहिले प्रतिजैविक ठरले. आपल्या देशात क्षयाचे रुग्ण जगात सर्वांत जास्त, आणि हेच औषध आपण माळावर ब्लोअरने उडवत आलो. जिवाणूच्या एका जनुकात छोटासा बदल झाला तरी स्ट्रेप्टोमायसिन त्याला लागू पडेनासे होते. अशी प्रतिकारशक्ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडेही जाऊ शकते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ही दोन्ही द्रव्ये शेतीतून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा मसुदा आदेश काढला. मला तो योग्य वाटतो. डाळिंब वाचवताना दवाखान्यातले औषध बोथट होणार असेल तर तो सौदा आपल्याच घरावर येतो.

मग त्या जागी काय? इथे वनस्पतींकडे नजर वळणे स्वाभाविक आहे. झाड पळू शकत नाही. किडा, बुरशी, जिवाणू यांच्याशी त्याची सगळी लढाई रसायनांची असते. आपण मसाला आणि औषध म्हणून जे वापरतो त्यातले बरेचसे या लढाईतलेच आहे. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला आणि तुळशीतला युजेनॉल, दालचिनीतला सिनामाल्डिहाइड, गवती चहातला सिट्रल, हळदीतला कर्क्युमिन, हिरड्यातले टॅनिन. प्रयोगशाळेत यांतली बहुतेक सगळी जिवाणूंना रोखतात, त्याबद्दल वाद नाही. थायमॉलसारखी द्रव्ये जिवाणूच्या आवरणात घुसून ते सैल करतात, मग आतले क्षार बाहेर गळतात. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतात; कातडे कमावताना तेच घडते आणि कच्च्या आवळ्याने तोंड तुरट होते तेव्हाही तेच. लसणातला अ‍ॅलिसिन जिवाणूच्या विकरांतल्या गंधकाच्या गटांना जाऊन चिकटतो आणि विकरे बंद पाडतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्याने प्रतिकार तयार होणे तुलनेने अवघड जाते. अशक्य नाही, पण अवघड.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक लेखांत आणि माहितीपत्रकांत असते, आणि इथेच ती थांबते. माझे खरे म्हणणे यापुढे सुरू होते. एखाद्या वनस्पतीत जिवाणू मारणारे द्रव्य आहे ही एक बाब. ते द्रव्य जिवाणू जिथे आहे तिथे, पुरेशा मात्रेत, पुरेसा वेळ पोचले ही दुसरी. पहिल्या बाबीवरून दुसरी गृहीत धरली जाते, आणि शेतकऱ्याचा बहार त्या मधल्या फटीत जातो.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा डाळिंबानेच दिला आहे. डाळिंबाची साल टॅनिनांनी भरलेली आहे. तिच्यातला प्युनिकॅलॅजिन जिवाणूंना मारक आहे हे चांगले सिद्ध झालेले आहे. पोट बिघडले की डाळिंबाची साल उगाळून देणारी आजी चुकत नव्हती. इटलीत डाळिंबाच्या सालीचा अर्क टोमॅटोवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांवर वापरून पाहिला आणि त्याने रोग कमी केला. आणि त्याच सालीवर, आपल्या माळावर, तेल्याचा जिवाणू आरामात डाग पाडतो. कारण टॅनिन पेशीच्या आत, रिक्तिकेत बंद असते आणि जिवाणू पेशींच्या बाहेरच्या फटीत राहतो. शिवाय तो पिढ्यान्‌पिढ्या याच झाडावर जगायला शिकला आहे. औषध आणि रोग एकाच फळात, एकमेकांपासून केसाच्या अंतरावर, आणि तरी भेट होत नाही.

आता आपल्या घरच्या काढ्यांकडे येऊ. दशपर्णी अर्क आमच्या भागात पुष्कळ जण करतात. दोनशे लिटरच्या टाकीत कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, एरंड, रुई, कण्हेर, गुळवेल, घाणेरी यांचा पाला, शेण, गोमूत्र, मिरचीचा ठेचा आणि पावकिलो लसूण, महिनाभर आंबवायचे, रोज ढवळायचे. करणाऱ्याचे कष्ट आणि श्रद्धा दोन्ही मी जवळून पाहिली आहेत. म्हणूनच त्यातल्या लसणाचा हिशेब इथे मांडतो. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतोच. पाकळी चिरडली की त्यातले अ‍ॅलिइन हे द्रव्य आणि अ‍ॅलिनेज हे विकर एकत्र येतात आणि तो काही सेकंदांत तयार होतो. एक ग्रॅम ताज्या लसणातून फार तर चार-साडेचार मिलिग्रॅम. पावकिलोतून साधारण एक ग्रॅम. तो दोनशे लिटरमध्ये पसरला की लिटरला पाच मिलिग्रॅम. फवारताना दहापट पाणी घातले तर अर्धा मिलिग्रॅम. जिवाणूंची वाढ रोखायला प्रयोगशाळेत लिटरला काही दशक मिलिग्रॅम लागतात. शिवाय अ‍ॅलिसिन काही दिवसांतच मोडत जातो, आणि आपण अर्क महिनाभर ठेवतो. फवारणीच्या दिवशी टाकीत लसणाचा वास असेल, पण अ‍ॅलिसिन उरलेला नसेल. लसूण आधी उकळणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी: उष्णतेने अ‍ॅलिनेज विकरच मरते, म्हणजे अ‍ॅलिसिन तयार होण्याचीच वाट बंद होते.

यावरून लसूण निरुपयोगी असा अर्थ कोणी काढू नये. जर्मनीत आखेन विद्यापीठात अ‍ॅलन स्लुसारेन्को यांच्या गटाने ताज्या लसणाचा रस कितीतरी रोगजंतूंवर तपासला. त्यात कोबीच्या घाण्या रोगाचा झँथोमोनासही होता, आणि तो रोखला गेला. फरक आहे तो ताजेपणाचा, मात्रेचा आणि मोजण्याचा. मोजून केलेल्या कामातून लसणाचे औषध निघू शकेल. अंदाजाने केलेल्या टाकीतून निघेलच असे नाही.

निंबोळी अर्काबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करायची, हा पाच टक्के अर्क रस शोषणाऱ्या किडी आणि अळ्यांसाठी अतिशय भरवशाचा आहे. अझाडिरॅक्टिनने किडीची भूक मरते आणि कात टाकणे बिघडते. जिवाणूला भूकही नाही आणि कातही नाही. त्यामुळे निंबोळी अर्काने तेल्या जाईल ही अपेक्षा निंबावर अन्याय करणारी आहे. किडीच्या जखमा कमी झाल्या तर जिवाणूची आत शिरायची दारे कमी होतात, इतका अप्रत्यक्ष फायदा मात्र धरावा.

निंबाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती पुणे जिल्ह्याची आहे. अमेरिकेतली डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि तिथले कृषी खाते यांना निंबतेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपचे पेटंट मिळाले होते. त्याविरुद्ध लढाई झाली आणि २००० साली युरोपीय पेटंट कार्यालयाने ते रद्द केले. २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. पहिल्या निकालाच्या वेळी पुण्याच्या अभय फडके यांची साक्ष महत्त्वाची ठरली. निंबअर्काच्या शेतावरच्या चाचण्या १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत झाल्या होत्या, हे त्यांनी मांडले. ही गोष्ट सांगताना आपण बहुधा ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ यावर भर देतो. मला त्यात वेगळेच दिसते. निंब आपला आहे ही भावना तिथे एकटी पुरली नसती. कुठल्या साली, कुठल्या जिल्ह्यात, कशाची चाचणी झाली हे सांगता येत होते म्हणून बाजू उभी राहिली. ती चाचणी बुरशीवरची होती, जिवाणूवरची नव्हे. पण आपल्या झाडपाल्याच्या ज्ञानाला जगात पत हवी असेल तर ती अशा नोंदींतूनच येते.

प्रयोगशाळेतल्या चाचणीकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला शिकावे लागेल. नेहमीची पद्धत अशी. आगर माध्यमाच्या बशीत जिवाणू पसरतात, अर्कात बुडवलेली कागदाची इवली चकती मध्ये ठेवतात आणि दोन दिवसांनी चकतीभोवती किती मोकळे वर्तुळ पडले ते मोजतात. वर्तुळ मोठे म्हणजे औषध चांगले, असा निष्कर्ष लगेच निघतो. ओव्याचे तेल उडून जाणारे आहे. त्याची वाफ झाकणाखाली पसरते आणि वर्तुळ फुगते. बागेत झाकण नसते, तीच वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. उलट कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आगरातून सरकतही नाही, म्हणून त्याचे वर्तुळ त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा लहान दिसते. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर नुसत्या अल्कोहोलची चकती शेजारी हवीच, नाहीतर अल्कोहोलने मारलेले जिवाणू हळदीच्या खात्यावर जमा होतात. संशोधनाच्या निबंधात ही शेजारची चकती आहे का, हे पाहण्याची सवय कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी.

बशीतून बागेत आले की अडचणी वाढतात. उन्हाने अझाडिरॅक्टिन आणि कर्क्युमिन दोन्ही मोडतात. पावसाने अर्क धुऊन जातो, आणि तेल्या पावसातच वाढतो. पानावरचे मेण तेलाचा थेंब नीट पसरू देत नाही, म्हणून पायसीकारक लागतो. मात्रा वाढवावी तर फुलकळी करपते. थायमॉल आणि लवंगतेल जिवाणूचे आवरण फोडतात तसे कोवळ्या पाकळीचेही फोडतात. शिवाय ओव्यातला थायमॉल दर वर्षी, दर गावी सारखा नसतो. कारखान्याच्या औषधाच्या पुडीवर टक्केवारी छापलेली असते, ओव्याच्या पोत्यावर नसते. तेल सूक्ष्म कणांत बांधून हळूहळू सुटेल असे करण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी चालू आहेत, त्यांची चर्चा पुढे येईल.

एक वाट मात्र मला या सगळ्यांपेक्षा जास्त आशेची वाटते. जिवाणूला मारायला जाण्याऐवजी झाडालाच आधी सावध करायचे. झाडांना स्वतःची संरक्षण यंत्रणा असते. एका पानावर हल्ला झाला की सॅलिसिलिक आम्लाच्या मार्फत संदेश जातो आणि इतर पाने तयारीला लागतात. हे आम्ल बाहेरून अगदी थोड्या मात्रेत फवारले तरी ही तयारी होते. सोलापूरच्या केंद्राच्या शिफारशींत ते आलेले आहे. सखालिन आणि उत्तर जपानात रानोमाळ वाढणारी रेनूट्रिया नावाची एक वनस्पती आहे. तिच्या अर्काने काकडीवर्गीय पिके स्वतःची संरक्षक द्रव्ये तयार करू लागतात, आणि त्यापासूनचे औषध अमेरिकेत रीतसर नोंदवलेले आहे. या मार्गात ‘पोचण्याचा’ प्रश्न बराच सुटतो, कारण जिवाणूजवळची द्रव्ये झाडच बनवते. अट एकच: फवारणी रोग येण्याच्या आधी हवी. डाग दिसल्यावर केलेली फवारणी उशिराची. शिवाय संरक्षणावर शक्ती खर्च करणारे झाड फळ थोडे कमी पोसते, तेही हिशेबात धरायला हवे.

हिरड्यावर आपल्या जिल्ह्यात काम व्हावे असे मला मनापासून वाटते. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात आणि बरेचदा मिळेल त्या भावाला विकतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आम्ही टॅनिनाच्या शोधात आहोत. टॅनिन पाण्यात विरघळते, ओव्याच्या तेलासारखे उडून जात नाही, आणि हिरड्यात ते भरपूर आहे. ते पानावर किती टिकते, पावसात किती धुतले जाते, फळाच्या सालीवर डाग पाडते का, हे प्रश्न एका हंगामात तपासता येण्यासारखे आहेत. बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, सोलापुरात डाळिंबाचे केंद्र आहे. इतक्या संस्था इतक्या जवळ असलेले पट्टे देशात फार नसतील.

दुकानातल्या बाटल्यांबद्दल थोडे. ‘हर्बल’, ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ असे लिहिलेल्या कितीतरी बाटल्या येतात. कीडनाशक किंवा रोगनाशक म्हणून काही विकायचे तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. पिकाला उत्तेजन देणारे जैव-उत्तेजक फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. ज्या बाटलीवर नोंदणी क्रमांक नाही, कुठले द्रव्य किती टक्के हे नाही, आणि दुकानदार तोंडाने मात्र ‘तेल्या थांबतो’ म्हणतो, ती बाटली घेऊ नये. वनस्पतीतून आलेले म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. कण्हेर आणि एरंड बी हीसुद्धा वनस्पतींचीच देणी आहेत. दशपर्णी ढवळताना हातमोजे घालावेत आणि टाकी लहान मुलांपासून दूर ठेवावी, हे पुस्तकात दोनदा लिहिले आहे, मुद्दाम.

आणि कुठलाही अर्क वापरला तरी बागेची स्वच्छता त्याच्या आधी येते. निरोगी मातृवृक्षाची कलमे घेणे. बहार संपल्यावर झाडाला तीन-चार महिने विश्रांती देणे. पानगळीनंतर खाली पडलेली रोगट पाने-फळे वेचून जाळणे, कारण जिवाणू त्या कचऱ्यात महिनोन्‌महिने जगतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवणे. हे करणाऱ्याच्या बागेत सौम्य औषधालाही संधी मिळते. न करणाऱ्याच्या बागेत जिवाणूंची संख्याच इतकी असते की ओवा काय आणि स्ट्रेप्टोसायक्लिन काय, काही पुरे पडत नाही. यावर पुस्तकातले सगळ्यात लांब प्रकरण आहे. ते वाचायला कंटाळवाणे वाटेल, तरी आधी वाचावे.

शेवटी चाचणीच्या हंगामाबद्दल, कारण आमच्या भागातले बरेच अनुभव इथेच फसतात. मृग बहाराची फळे सप्टेंबरच्या पावसात सापडतात आणि तेल्या तेव्हा भडकतो. हस्त बहार धरला तर फळे थंडीच्या कोरड्या हवेत वाढतात आणि रोग आपोआप कमी राहतो; म्हणून तर तेल्याच्या पट्ट्यात हस्त बहाराची शिफारस आहे. आता एखाद्याने ऑक्टोबरात नवा अर्क फवारायला घेतला आणि नोव्हेंबरात डाग थांबले, तर तो अर्काला श्रेय देणार. खोटे तो बोलत नसतो. पण हवा बदलली होती, आणि नुसते पाणी फवारले असते तरी डाग थांबले असते. म्हणून चाचणी मृग बहारातच घ्यावी. एकाच बागेत काही ओळी अर्काच्या, काही बोर्डोच्या, काही नुसत्या पाण्याच्या, आणि तीच मांडणी तीन-चार ठिकाणी फिरवून. कडेची झाडे सोडून मधल्या झाडांची फळे मोजावीत: एकूण किती, डागाची किती, तडकलेली किती. पाऊस कोणत्या तारखेला पडला, फवारणी कधी केली, हे त्याच वहीत लिहावे.

यात पाण्याच्या ओळीची झाडे बळी जाणार, हे उघड आहे. ऐन मृग बहारात पाच झाडे औषधाविना सोडायची म्हणजे त्यांची फळे तर जाणारच, शेजारच्या ओळींनाही धोका. आजवर हा भार उत्साही शेतकऱ्याने आपल्या खिशातून उचलावा अशी अपेक्षा ठेवली गेली, आणि म्हणूनच बहुतेक वेळा पाण्याची ओळ कोणी ठेवलीच नाही. इथून पुढे जी संस्था किंवा कंपनी वरकुट्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गावच्या बागेत वनस्पतिजन्य औषधाची चाचणी घेईल, तिने त्या झाडांच्या मालाची भरपाई त्या दिवसाच्या बाजारभावाने देण्याचे आधी कबूल करावे आणि ते करारावर लिहून द्यावे. अशा कराराचा नमुना पुस्तकाच्या शेवटी जोडला आहे.